ओळखू न आलेली चाल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय डॉ. शिवपुत्र कोरे साहेब, प्रमुख पाहुण्या महेजबीन मॅडम, व्यासपीठावर बसलेले संस्थेचे सर्व विश्वस्त, ज्यांना निरोप द्यायला आपण इथं जमलो त्या आदरणीय मारिया मॅडम, या वाचा-उपचार केंद्रातला कर्मचारीवर्ग, आणि समोर बसलेले माझे बाकावरचे सोबती, म्हणजे पेशंट आणि पेशंटला घेऊन येणारी माणसं, सर्वांना माझा नमस्कार.

मी धोंडीराम माने. मूळचा मंद्रूपचा. पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. नोकरीत निरोप समारंभ पुष्कळ पाहिले, पण माझं काम खुर्च्या मांडून घ्यायचं आणि हार वेळेवर आणवायचं. माईकपुढं उभं राहायची वेळ कधी आली नाही. नातेवाइकांच्या वतीनं कुणीतरी बोलावं असं ठरलं तेव्हा मी मान खाली घातली होती. शेजारी गैबीसाब बसले होते. त्यांनी माझाच हात धरून वर केला. ते बघा, तिसऱ्या रांगेत बसून हसतायत.

आज शहराच्या निम्म्या भागात पाण्याचा दिवस आहे. चार दिवसांनी आलेलं पाणी सोडून माणूस सभेला येतो, यावरूनच मारिया मॅडमची किंमत कळावी. सोलापूरकराकडून याहून मोठा मान कुणाला मिळत नाही. बाकी शाल, श्रीफळ आहेच, आणि चादरीही दिसतायत. मॅडम, तुम्ही आता मिरजेला बहिणीकडं राहायला चाललात, तिथं एवढ्या चादरी ठेवणार कुठं, हा प्रश्न आहे.

मॅडमचं काम काय, हे पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. पॅरालिसिसचा झटका आला की काही जणांची वाचा जाते. कळतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाही. अशा माणसांना मॅडम पुन्हा बोलायला शिकवतात. माझी पत्नी मथुराबाई दोन वर्षांपूर्वी श्रावणात अशीच आजारी पडली. उजवी बाजू गेली, त्या बाजूचं दिसायचं कमी झालं आणि बोलणं पूर्ण बंद झालं. मुलगी उत्कर्षा पुण्याला नोकरीला. घरात आम्ही दोघंच.

पहिल्या दिवसाची गोष्ट सांगतो. मॅडमनी तिला चित्रं दाखवली. कप, किल्ली, गाय. ती नुसती बघत राहिली. मग माझ्याकडं बोट दाखवून मॅडम म्हणाल्या, "काकू, हे कोण? यांचं नाव सांगा बरं." मथुरानं चेहरा दुसरीकडं वळवला. मॅडम हळूच मला म्हणाल्या, "नाव आठवत नाहीये. वाईट वाटून घेऊ नका." मी म्हणालो, "मॅडम, ते ती आजाराच्या आधीही घेत नव्हती."

हसा, हसा. मॅडमही हसल्या होत्या, आणि खरं सांगतो, मथुराही हसली. अर्धं तोंड हसलं.

आमच्या घरातली रीतच ती. मी "अहो" आणि ती "अगं". हळदीकुंकवाला उखाण्यात नाव घ्यायची तेवढंच, तेही मी घरात नाही असं बघून. एकदा बँकेत साहेबांनी विचारलं, "नवऱ्याचं नाव?" तर हिनं मला कोपर मारलं. "सांगा की! मी कशी सांगू?" शेवटी माझं नाव मलाच सांगावं लागलं. आणि मीही तिला कधी नावानं हाक मारली नाही. आज या माईकवर मी तिचं नाव जेवढ्या वेळा घेतलं, तेवढं संसारात घेतलं नसेल.

दोन-तीन आठवड्यांत मॅडमच्या लक्षात आलं की मथुराला बोलता येत नाही, पण गाता येतं. डोक्यात बोलण्याची जागा वेगळी आणि पाठ झालेल्या गाण्याची वेगळी, एक गेली तरी दुसरी कधीकधी शाबूत राहते, असं त्यांनी मला समजावलं. मथुराचं माहेर करमाळ्याचं. गळा चांगला. देवीची आरती, पाळणे, भोंडल्याची गाणी, सगळं पाठ. जी बाई 'पाणी' म्हणू शकत नव्हती, तिनं मॅडमसमोर कमलाभवानीची आरती सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटली. मी बाहेर बाकावर होतो. आतून तिचा आवाज आला आणि माझ्या हातातली चप्पल खाली पडली. चप्पल हातात का होती, ते आता आठवत नाही.

पण गाणं म्हणजे बोलणं नव्हे. गाण्यात गाण्याचेच शब्द असतात. तिला स्वतःचं काही सांगायचं असलं तर? मग तिनं तोड काढली. पाळणा म्हटला की उत्कर्षाला फोन लावायचा. भोंडल्याचं खिरापतीचं गाणं आलं की भूक लागली. आरती म्हणजे दिवेलागण झाली, देवापुढं दिवा लावा. ही भाषा मी शिकलो. सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा शाळेत बसलो म्हणा. मॅडम गृहपाठ द्यायच्या आणि तपासायच्या सुद्धा.

त्यातला एक गृहपाठ माझ्यासाठी होता. मथुराला उजवीकडचं दिसत नसे. मी अचानक जवळ गेलो की ती दचकायची. मॅडम म्हणाल्या, "काका, खोलीत शिरायच्या आधी काहीतरी गुणगुणत जा. काकूंना कळू दे कोण आलं ते."

आता माझ्या गाण्याविषयी सांगायला हवं. गणपतीच्या आरतीला आमच्या घरी माझ्या हातात घंटा असायची. का? तर मथुरा म्हणायची, "तुम्ही आपली घंटा वाजवा. तोंड नका उघडू. गणपती दीड दिवसात उठून जाईल." असा माझा सूर. पण गृहपाठ तो गृहपाठ. दार लोटून, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, मी तिच्याच माहेरच्या देवीची आरती गुणगुणत आत जाऊ लागलो. सुरुवातीला ती डावा हात गादीवर आपटायची. नको, नको, असं नाही! पुढं पुढं आपटायचं तिनं सोडलं. मला वाटलं, माझं सुधारलं.

केंद्रात मात्र मी कधी तोंड उघडलं नाही. मॅडमनी पुष्कळदा सांगितलं, पण मला लाज वाटायची.

एकदा या बाकावर बसून मी मॅडमना विचारलं होतं, "तुम्ही रविवारी चर्चमध्ये गाता, प्रार्थना करता. आमच्यासाठी देवाला काय सांगता?" मला वाटलं, बरं होऊ दे असं सांगत असतील. त्या म्हणाल्या, "तुमची दोघांची नावं घेते. एवढंच. पुढचं त्याला ठाऊक." तेव्हा मला ते अपुरं वाटलं. देवापुढं नुसतं नाव घेऊन कसं भागेल? मी तर लांबलचक मागणं मागत होतो.

गेल्या दिवाळीनंतर मथुराची तब्येत उतरत गेली. गाण्यांचे शब्द कमी होत गेले. मग एक नवीन चाल सुरू झाली. शब्द नाहीत, नुसती चाल. थोडी वर जायची, मध्येच अडखळायची आणि भलत्याच ठिकाणी खाली यायची. दिवसातून कितीतरी वेळा. म्हणायची आणि दाराकडं बघायची. मी धावत जायचो. पाणी देऊ का? उशी सरकवू का? ती डोळे मिटायची. उत्कर्षाला फोन लावून कानाशी धरायचो. डोळे मिटायची. मी विचारायचो, "अगं, कुठलं गाणं हे? काय पाहिजे?" ती माझ्याकडं बघत राहायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा तीच चाल.

तिला मला काहीतरी सांगायचं होतं आणि ते काय, हे मला कळत नव्हतं. बाकी काही हातात राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. पण एवढं तरी कळावं, असं मला फार वाटायचं. करमाळ्याला तिच्या बहिणीला, गिरिजाबाईंना फोन लावून तिच्या तोंडाशी धरला. त्या म्हणाल्या, "न्हाय बया, हे आपल्या हितलं गाणं न्हाय की. कुटं शिकली ही?" शेजारच्या सावित्रम्मांना बोलावलं. त्यांना वाटलं, एखादं तेलुगू गाणं असेल. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. मॅडमनीही केंद्रात ऐकलं. त्यांना इतकी गाणी येतात, पण त्याही म्हणाल्या, "काका, ही चाल मी कुठं ऐकलेली नाही."

पौषात, संक्रांत झाल्यावर, मथुरा गेली. आदल्या दिवशी संध्याकाळीही तिनं ती चाल म्हटली होती. मी पाणी घेऊन गेलो होतो.

माफ करा. दोन मिनिटं जास्त घेतोय. अध्यक्षसाहेब घड्याळाकडं बघत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

होळी झाल्यावर मी तिची चाकाची खुर्ची केंद्राला द्यायला आलो. त्या दिवशी गैबीसाब नवीनच आले होते. त्यांच्या पत्नी अजीजाबी यांचीही वाचा गेलेली. मॅडम त्यांना तेच सांगत होत्या, खोलीत शिरताना गुणगुणत जा म्हणून. गैबीसाब म्हणाले, "मैं तो जिंदगीभर ट्रक चलाया मॅडम. हॉर्न बजाऊं क्या?"

मॅडम माझ्याकडं वळल्या. "धोंडीरामकाका, तुम्ही दाखवा की यांना. त्यांना धीर येईल."

माझं गाणं ऐकून कुणालाही धीर येतो, एवढं खरं. एरवी मी नाही म्हटलं असतं. पण त्या दिवशी लाज कुणासाठी बाळगायची होती? मी भिंतीकडं तोंड केलं आणि घरी म्हणायचो तशी आरती गुणगुणलो.

गैबीसाब म्हणाले, "बस, इत्ताच? इत्ता तो मैं बी गा लेता!"

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, परत म्हणा." मी परत म्हटलं. त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "काका, ही काकूंची चाल आहे."

मी म्हणालो, "छे हो. ही कमलाभवानीची आरती."

"तुम्हाला तशी वाटते. ऐका." आणि मथुरानं त्यांना शिकवलेली आरती त्यांनी म्हणून दाखवली. मग मी म्हटलं होतं ते म्हणून दाखवलं. थोडी वर जाणारी, मध्येच अडखळणारी आणि भलत्याच ठिकाणी खाली येणारी. दुसऱ्याच्या तोंडून ऐकली तेव्हा मला ती मथुराची म्हणून ओळखू आली.

बेसूर माणसाला आपण बेसूर आहोत हे कसं कळावं? माझ्या डोक्यात आरती नीटच चाललेली असायची. करमाळ्याच्या गिरिजाबाईंना ती ओळखू येईल कशी? सावित्रम्मांना तरी कशी येईल? अख्ख्या जगात तशी आरती म्हणणारा एकच माणूस होता, आणि तोच सगळ्यांना विचारत फिरत होता की हे गाणं कुठलं.

तिनं माझं नाव कधी घेतलं नाही. 'अहो' म्हणायची, तेही झटक्यात गेलं. मग जी चाल कानावर आली की पाठोपाठ मी खोलीत येतो, ती चालच तिनं उचलली. चांगला गळा होता, बरोबर आरती येत होती, तरी ती माझ्यासारखी चुकीची म्हणायची. मला हाक मारायची.

आणि मी फोन घेऊन उभा. "अगं, कुठलं गाणं?"

मी मॅडमना विचारलं, "मॅडम, तिला काय वाटलं असेल? मी ऐकतच नाही असं वाटलं असेल का?" दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, छे छे, त्यांना सगळं कळत होतं. मॅडम म्हणाल्या, "माहीत नाही, काका." मग म्हणाल्या, "पण हाक मारली की तुम्ही येत होता ना?"

येत होतो. दर वेळी गेलो. पण पाणी घेऊन गेलो, उशी घेऊन गेलो, फोन घेऊन गेलो. मोकळ्या हातानं जाऊन नुसता शेजारी बसलो, असं एकदाही झालं नाही. हाकेला काय लागतं? नुसती ओ लागते.

माझं दुःख सांगायला मी इथं उभा राहिलो नाही. मॅडमनी काय शिकवलं, हे सांगायचं होतं. 'माहीत नाही' हे त्यांनी मला खरं सांगितलं आणि चहा मागवून, कामं बाजूला ठेवून, माझ्याजवळ बसून राहिल्या. खोटा दिलासा न देता माणूस माणसाजवळ बसू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. आणि देवापुढं नुसतं नाव घेणं अपुरं नाही, हेही आता थोडं थोडं समजतंय. समजून उपयोग काय, ते मात्र समजत नाही. अजूनही बाहेरून आलो, कुलूप काढलं की मी दारातच गुणगुणतो. दचकायला आत कोणी नाही. तरी तोंडातून येतंच. मग आत जाऊन दिवा लावतो.

गैबीसाबांचं मात्र बरं चाललंय. ते लग्नातल्या हळदीचं एक जुनं गाणं म्हणत घरात शिरतात, आणि अजीजाबी आतून पुढची ओळ म्हणतात. गैबीसाब, त्यांनी काहीही म्हटलं, कसंही म्हटलं, तरी आधी ओ द्या. मग पाण्याचं बघा.

मॅडम, आमच्यासारख्या कितीतरी घरांत तुम्ही आवाज परत आणलात. पुढचे दिवस सुखाचे जावोत, गाण्यात जावोत. मिरजेहून कधी फोन करावासा वाटला तर करा. कोण, कशासाठी, असं काही विचारणार नाही, आधी ओ देईन.

मला बोलायची सवय नाही. मागंपुढं झालं असेल, सूरही गेला असेल, तो मुळात नव्हताच. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल तर त्यांनी मनात धरू नये. नाव न घेताही माणूस किती आठवण काढत असतो, हे मला फार उशिरा कळलं. आपण सगळ्यांनी पाणी सोडून माझं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. नमस्कार.