मधाचं पोट

(सुरतचं पांडेसरा. सासू धुरपदाबाई, मुलगा योगराज आणि नुकतीच सोनोग्राफी करून आलेली सून वैशाली.)

योगराज : मिलमध्ये पेढे वाटून आलो, आणि आता म्हणतेस काहीच नाही?

वैशाली : वाटण्याआधी विचारायचं होतं. बाळ नाही. गॅस आहे.

धुरपदाबाई : काय बोलते व ही! एवढं पोट गॅसचं राहतं का?

वैशाली : राहतं. आहारवाल्या मॅडम म्हणाल्या, फॉडमॅप कमी करा.

धुरपदाबाई : फोडमाप? भोपळ्याच्या फोडी मोजायच्या का आता?

वैशाली : काही पदार्थ माझ्या आतड्यात आंबतात, आई. पोट फुगतं. काही आठवडे कांदा-लसूण बंद. आणि मध.

धुरपदाबाई : मध? कूस उजवावी म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी चाटवला मी!

वैशाली : म्हणूनच तर गल्लीभर बारशाची बोलणी झाली.

योगराज : मी सांगत होतो, गोड सोड. म्हणून तर शुगर-फ्री चॉकलेटं आणायचो.

वैशाली : त्यात साखरेऐवजी सॉर्बिटॉल असतं. त्यानंही पोट फुगतं. पाकीट वाचून मॅडम हसल्याच. म्हणाल्या, यापेक्षा चहात चमचाभर साधी साखर बरी.

धुरपदाबाई : ऐका! मध विष आणि साखर औषध! चलथाणच्या साखर कारखान्यानं धाडली का तिला?

योगराज : माय, थांब. शेठनं मिठी मारली मला. ‘बाप बनी ग्यो!’ म्हणाला. त्याला काय सांगू? गॅस झाला?

वैशाली : सांगा. पेढे तेवढे परत मागू नका.

धुरपदाबाई : हसू नको व! अमळनेरला माझ्या बहिणीनं कुंची शिवायला घेतली. कसं तोंड दाखवू?

वैशाली : सगळ्यांना आपापल्या तोंडाची काळजी. मी पोट धरून बसायचे, तेव्हा काय म्हणायचात?

योगराज : ...डोहाळे.

वैशाली : दुखतंय म्हटलं, तर म्हणे पहिलटकरणीला दुखतंच. पाळी माझी नेहमीच मागेपुढे. तपासून घेऊ म्हटलं, तर नजर लागते.

धुरपदाबाई : मला वाटलं व, खरंच...

वैशाली : मलाही वाटलं होतं, आई. दुपारी तुमचा डोळा लागला की मी पोटावर हात ठेवून बोलायचे त्याच्याशी.