सासूबाईंचं नाक

हॅलो?… हो, बोल लॉर्ना. तिकडे विनिपेगलाही एवढीच थंडी आहे का? इथे गिमलीत उणे अठ्ठावीस… एइनार बरा आहे. म्हणजे… अगं, ऐक ना आधी. तुझ्या आईंबद्दल सांगायचंय.

नाही गं, भांडण नाही. उलटंच आहे.

तो अंगणातला गरम पाण्याचा टब तुझ्या भावाने विकायला काढलाय ना… हो, घेणारा आजच येतोय, चार वाजता. डॉक्टर एइनारला म्हणतात खुब्याच्या ऑपरेशननंतर रोज गरम पाण्यात पाय हलवा, आणि हा आत बसला की खोकून खोकून बेजार. डोळे लाल. क्लोरीनचा नुसता भपकारा… मीच टाकत होते. वास वाढला की मी क्लोरीन कमी करायचे. अजून वास, अजून कमी.

हो, हो… तेच तर. आई गेल्या आठवड्यात आल्या, टबाचं झाकण उचललं, एकदाच हुंगलं. म्हणाल्या, "कोलीन, हे क्लोरीन जास्त नाही झालेलं, कमी पडलंय." घाम, अत्तर, पाठीला चोळायचं मलम, सगळ्याशी झुंजून ते दमतं आणि मग असं घाण मारतं… मलाही पटलं नव्हतं. पाणी तपासायची पट्टी बुडवली. त्यांचंच खरं.

पाणी बदलायचं? या थंडीत? नळ्या गोठून फुटतील बाई. एप्रिलपर्यंत हेच पाणी… म्हणून त्यांनी एकदाच भरपूर क्लोरीन टाकायला लावलं. झाकण उघडं, फवारे चालू, आणि पट्टीचा रंग नीट येईपर्यंत कुणी आत जायचं नाही. क्लोरीनऐवजी ब्रोमीन? आणलं होतं की. दुकानदार म्हणाला, त्याला वास कमी. आई म्हणाल्या, चांगलं आहे, पण नव्या पाण्यात वापर, दोन्ही पावडरी एकत्र आणू नकोस… हो, चमचासुद्धा वेगळा. "आणि काहीही टाक, न धुतलेली माणसं ते खाऊन टाकतात."

मग काय, शनिवारी एइनारचे कर्लिंग खेळणारे मित्र आले. नेहमीसारखे बर्फावरचा खेळ संपवून थेट टबाकडे. आई दारात साबण घेऊन उभ्या. त्यांच्या आइसलँडची पद्धत, सगळे कपडे काढून साबणाने आंघोळ, मग टब… तो अवाढव्य ब्योर्नसुद्धा, हो, मुकाट्याने. बाहेर आल्यावर आईंनी त्याला विचारलं, काखा धुतल्यास का.

हसू नकोस. अकरा वर्षं मी त्यांना खवट म्हणत आलेय, तुझ्यापाशीच म्हटलंय. लाज वाटते गं आता. बाई जन्मभर गरम पाण्यात बसत आल्यात, आणि आम्ही इथे माहितीपुस्तिका वाचत बसलो. एकदा विचारलं असतं तर…

आता? आता वासच नाही. एइनार… थांब, खिडकीतून दिसतोय. काठी टेकवून ठेवलीये त्याने. लॉर्ना, तो पाय उचलतोय. तोच, ऑपरेशनचा, उजवा. कठड्यावरून… गेला आत. एकटा गेला.

रडत नाहीये मी… बरं, रडतेय. नाही, खोकत नाहीये तो. हसतोय.

बेल वाजली. तो टब घेणारा असेल… आई गेल्या दार उघडायला. काय सांगतायत?… टब विकायचा नाही म्हणतायत. पण एवढ्या थंडीतून आलायस, तर दहा मिनिटं बसून जा…

लॉर्ना, ठेवते गं. त्यांनी त्याच्या हातात साबण दिलाय.