चटणी वेगळी मागायची

डोणगावहून मेहकरला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर मायलेकी होत्या. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप होता. मी पुस्तक नुसतंच उघडं धरलं होतं.

"सापडलं, माय. रक्तदात्याईच्या यादीचा प्रोग्राम काऊन बंद पडला ते सापडलं."

"अकरा वाजता परीक्षकाले दाखवाचं हाय ना वं? काल तं चालू होता."

"काल राती यादी साठवाच्या डेटाबेस लायब्ररीची नवी आवृत्ती टाकली. जुनीत सगळं एकत्र यायचं. आता ते बनवणाऱ्याईनं एक भाग वेगळा काढला."

"म्हंजे ताटातली चटणी आता वेगळी मागा लागते?"

"हाव, तसंच."

"मंग माग ना."

"मागूनच राह्यली. नेट येऊ दे... आलं. आला तो भाग."

"रक्तदात्याईची यादी दिसली?"

"पुरी दिसली. पैलं नाव तुहंच हाय."

"मंग आता डबा उघड. रातपासून उपाशी हायेस."