विमानाखालची जमीन

हसा रे माझ्या कामाला. पण माझे बाबा अख्ख्या काळाचौकीला सांगायचे, "आमचा पोरगा विमानाखालची जमीन बनवतो." म्हणजे हँगरचं काँक्रीट. खाली खडीचा थर, वर जाड स्लॅब. भरलेलं विमान उभं केलं तरी तडा जाता कामा नये, एवढंच बघायचं.

बाबा गेले तेव्हा त्यांना खोलीत मधोमध ठेवलं होतं. दर्शनाला सगळी चाळ लोटली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे सावंतकाका वर आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "आमच्या छताची माती पडतेय रे."

मला लगेच कळलं. मधली लाकडी तुळई दबत होती, वजन भिंतीकडे न्यायला हवं होतं. मी भावाला म्हटलं, "धर, बाबांना कोपऱ्यात घेऊ."

आई रडायची थांबली.

"जन्मभर कोपऱ्यातच झोपले ते," ती म्हणाली. "पाहुणे आले की गॅलरीत. आज तरी मध्ये राहू दे त्यांना."

बाबा मध्येच राहिले. आणि मी दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो, "दोघं-दोघंच या, आणि पाय जरा हळू टाका."