होळीपासून बंद असलेलं मशीन

(परभणीतलं एक कॉलेज. ग्रंथालयामागची मशीनची खोली. ती सांभाळणारा शंतनु, आणि वालूरहून आलेले भागवत.)

शंतनु: बसा मामा. आधी पाणी घ्या.

भागवत: पानी पिलो स्टँडवर. तुमी मायचं नाव टाका त्यात. पार्वतीबाई, वालूर. चैतात तुमच्या कालिजची ती बबिता पिंगळीला माझ्या बहिनीच्या घरी आलती ना, म्हाताऱ्या मानसांच्या आठवनी भरून घ्यायला. दोन घंटे बोलली म्हने माय.

शंतनु: नाव टाकून झालं, मामा. तुमचा फोन आला तेव्हाच बघितलं. ते राहिलं नाही. होळीनंतरचं सगळंच गेलं. फोनवर सांगायची माझी हिंमत झाली नाही.

भागवत: गेलं कसं? बबिता म्हनायलती, एकच चीज तीन मशिनीत ठेवतेत. एक बिघडली तर दोनात ऱ्हाती.

शंतनु: खरंय. पण तिसरं लय तापायचं, म्हणून होळीपासून मी ते बंदच ठेवलं होतं. त्यात तुमच्या आईचं काही नव्हतं. मागच्या महिन्यात नवं अपडेट आलं. एकेका मशीनवर चढवायचं असतं. म्हणलं, बंद ठेवलेल्यापासून सुरू करू, कुणाचं काम अडायचं नाही.

भागवत: बरं मग?

शंतनु: आधी कसं होतं, मागं पडलेलं मशीन बाकीच्या दोघांकडून नवं उतरवून घ्यायचं. ह्या अपडेटनं ते बदललं. अपडेट चढून जे आधी चालू होईल तेच खरं, बाकीच्यांनी त्याच्यासारखं व्हायचं. त्यात नव्हतं ते दोघांनी पुसून टाकलं.

भागवत: हे कुनी सांगितलं न्हाई तुमाला?

शंतनु: सांगितलं होतं. काय काय बदललं त्याचा कागद आलता, सात पानं. मी दोन वाचली. हे पाचव्यावर होतं.

भागवत: बबिताच्या फोनात असंल की.

शंतनु: इथं टाकलं की फोन मोकळा करा, असं मीच पोरींना सांगतो. पुसलेलं परत काढणाऱ्या पुण्याच्या एका माणसालाबी दाखवलं. तो म्हणला, सोडून द्या आता.

भागवत: तीन साल बोललो न्हाई साहेब मी तिच्यासंगं. ती बहिनीकडं गेलती तवा तिची कपिली इकली मी, सेलूच्या बाजारात. इचारलं न्हाई तिला. माय आली, रिकाम्या गोठ्यात गेली, दावं हातात घेतलं आन् तशीच उलट्या पावली पिंगळीला. मीबी ताठ्यात. गाय माझ्या पैशाच्या वैरनीवर जगायलती म्हनलो. येका गाईपायी काय बोलायचं म्हनलो, आन् बोललोच न्हाई.

शंतनु: नंतर भेटला नाहीत?

भागवत: जेठात गेलो. तवर वाचा बसलती. नुसतं बघायलती माझ्याकडं. तेराव्याला बहीन म्हनली, कालिजवाल्यांच्या माईकात बोललीया ती, तुझं नाव घेतलंय. पेरा उरकून येतो म्हनलो. त्यात म्हैना गेला.

शंतनु: आधी आला असता तरी मी... नाही. आधी आला असता तर मिळालं असतं, मामा. तुमच्याशी खोटं कशाला बोलू. चूक माझी आहे.

भागवत: तुमी ऐकलं व्हतं का? माफ केलं म्हनली का शिव्या दिल्या? शिव्या असल्या तरी सांगा. चालतंय मला.

शंतनु: नाही ऐकलं. बबितासंगं मीबी आलतो, माईक लावून दिला; आजी म्हणल्या एकटीला बोलू द्या, म्हणून आम्ही दोघं ओट्यावर जाऊन बसलो.

भागवत: कायबी न्हाई?

शंतनु: माईक लावताना त्यांनी एक विचारलं होतं.

भागवत: काय?

शंतनु: 'हे माझ्या भागवतला ऐकू येईल का? त्याचा राग लवकर उतरत न्हाई बाबा. तवर टिकंल का हे?'

भागवत: मग? तुमी काय म्हनला तिला?

शंतनु: म्हणलो, निवांत बोला आजी. तीन ठिकाणी ठेवतो आम्ही.