मोशेला दिलेला दगड

अध्यक्षस्थानी असलेले आदरणीय प्राचार्य, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेतून 'आवरतं घ्या' असं डोळ्यांनी सांगणाऱ्या आमच्या सौभाग्यवती, सर्वांना माझा नमस्कार.

निवृत्तीनिमित्त तुम्ही मला आरामखुर्ची दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आणि ती हातात पडते न पडते तोच प्राचार्यांनी जाहीर केलं, की सर आणखी दोन वर्षं शिकवणार आहेत. टाळ्याही पडल्या. खुर्ची द्यायची आणि बसू द्यायचं नाही, हा कुठला न्याय? मला आधी विचारायचं राहून गेलं असेल, समारंभाच्या गडबडीत राहतं. प्राचार्यसाहेब, आपण मला 'आमचे मोशे' म्हणालात, हा आपला मोठेपणा. पण मोशेचं नाव निघालंच आहे, तर थोडं बोलतो.

या धर्मविद्यालयात मी जन्मभर बायबलातला जुना करार शिकवला. त्यातली माणसं येणाऱ्या ख्रिस्ताची छाया कशी आहेत, हा माझा विषय. माझ्या पाठीमागे पोरं मला छायासर म्हणतात, ठाऊक आहे. लाकडाची मोळी वाहणारा इसहाक म्हणजे वधस्तंभ वाहणाऱ्याची छाया. माशाच्या पोटातला योना म्हणजे कबरीतल्या तीन दिवसांची छाया. विद्यार्थी इतके तयार झाले, की एकाने वसतिगृहातल्या गळक्या नळातही बाप्तिस्मा शोधला. नळ मात्र कोणी दुरुस्त केला नाही.

तर मोशे, इस्राएल लोकांचा पुढारी. खाली लढाई चाललेली, वर टेकडीवर हा हात उंचावून उभा. हात वर असले की आपली माणसं जिंकणार, खाली आले की हरणार. ते पसरलेले हात म्हणजे वधस्तंभाची छाया. फार पूर्वीपासून लोक हे असंच वाचत आले आहेत, आणि मी आजही ते मानतो.

एकदा हा पाठ मी घरी मोठ्याने तयार करत होतो. बायको शिलाई करत होती. तिने मशीन थांबवलं.

"अहो, हात भरून आले असतील हो त्याचे."

"मुद्दा तो नाही," मी म्हणालो.

"नसेल. पण बिचाऱ्याला बसायला कोणी काही दिलं की नाही?"

दिलं होतं, मंडळी. त्याचा भाऊ अहरोन आणि सोबती हूर यांनी त्याला दगडावर बसवलं आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरले, पार सूर्य मावळेपर्यंत. "मग ते दोघे कोणाची छाया?" तिने विचारलं. मी काहीतरी विद्वत्तापूर्ण बोललो असणार. तिने मशीन पुन्हा सुरू केलं.

गेल्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. शिवणारा उजवा हातच गेला. सकाळ-संध्याकाळ मी तो उचलून धरतो, डॉक्टरांनी दाखवलंय तसा. आता कुठे बोटं जरा हलू लागली आहेत. एखादा दिवस चुकला, की हात पुन्हा आखडतो. माणसाचा हात इतका जड असतो, हे मला कुठल्या ग्रंथात सापडलं नव्हतं. खरं सांगतो, मी थकलोय. वर्गही सांभाळायचा आणि तो हातही, हे आता झेपत नाही.

तेव्हा प्राचार्यसाहेब, ती घोषणा कृपा करून मागे घ्या. तुम्हाला दुसरा शिक्षक मिळेल. तिचा हात धरायला घरात दुसरं कोणी नाही. आणि तू विचारलं होतंस ना गं, त्याचं उत्तर आज चारचौघांत देतो. ते दोघे कोणाचीच छाया नव्हते. ते नुसते हात धरून उभे होते.

आपण सर्वांनी इतकं प्रेम केलंत, आजही शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. खुर्ची मात्र घेऊन जातो. तिच्यात हिला बसवीन. हात धरायचा तर मला उभंच राहावं लागतं. संध्याकाळचा व्यायाम व्हायचाय अजून. येतो आम्ही.