समोर काहीतरी आहे

(धाडजवळचं शेतातलं घर, शनिवारची सकाळ. शेडमध्ये पुण्याहून आलेल्या हरिओमची लांबलचक नवी गाडी. बाहेर उन्हात त्याच्या वडिलांची, इंद्रभानची, जुनी मारुती.)

हरिओम : पुन्हा तेच, बाबा. वीतभर सरकते आणि आपोआप ब्रेक मारते. समोर काहीतरी आहे म्हणते.

इंद्रभान : कोण म्हणते?

हरिओम : गाडीच. पडद्यावर लिहून येतं.

इंद्रभान : समोर त कोणीच नाही.

हरिओम : तेच तर. तिकडे नांदुऱ्याला मुलीकडचे वाट बघत असतील.

इंद्रभान : माही गाडी घेऊन जाय.

हरिओम : पाहुण्यांच्या दारात? तिचा मागचा दरवाजा दोरीनं बांधलाय.

इंद्रभान : म्हणून त उघडत नाही. इतकी वर्सं तिच्यात मेथी-पालक नेली बाजारात. समोर काई आहे म्हणून कधी अडली नाही.

हरिओम : ऐंशीच्या वर गेली की थरथरते. माझी पाच सेकंदांत शंभर गाठते.

इंद्रभान : आज वीतभर गाठून राह्यली.

हरिओम : चेष्टा नको. दुपारी भंगारवाला तुमची गाडी न्यायला येतोय, मी हो म्हणालोय. शेडमध्ये जागा एकाच गाडीची आहे.

इंद्रभान : तू परवा पुण्याले जाशीन. मंग शेडमंधी काय उभं करू, तुह्या आईले?

पुष्पाबाई : मले काऊन मधात घेता? चहा घ्या. हरी, अजून निघाला नाहीस काय रे?

हरिओम : निघतो कसला. कंपनीवाला फोनवर म्हणतो, पुढची जाळी पुसून बघा. थांब... आई, हे काय टांगलंय?

पुष्पाबाई : लिंबू-मिरच्या. सकाळीच बांधल्या. एवढी मोठी गाडी, नजर नाही लागणार?

हरिओम : अगं, गाडीचा डोळा आहे तिथं. बरोबर त्याच्यासमोर बांधलंस.

पुष्पाबाई : गाडीले डोळा असते, हे मले काय मालूम? तुह्या बाबाच्या गाडीले दर शनिवारी तिथंच बांधतो.

इंद्रभान : म्हणजे गाडी खरंच बोलत होती. समोर तुही माय होती.

हरिओम : सोडतो मी हे.

पुष्पाबाई : सोड. पण फेकू नको, आजचंच आहे. त्या गाडीले बांध.

हरिओम : ती दुपारी जाणार आहे, आई.

पुष्पाबाई : लिंबू बांधलेली गाडी कोणी भंगारात देते काय?

हरिओम : मग?

पुष्पाबाई : मंग काय. हातात त तुह्याच आहे.

इंद्रभान : चहा थंडा होऊन राह्यला.

हरिओम : बाबा, तुमच्या गाडीला कुठं बांधतात हे?

इंद्रभान : समोरच. ती काई म्हणत नाही.